निसटलेले

बंदरावर कुणीतरी टाकून दिलेलं जाळं
योस्टाइननं खांद्यावरून घरी आणलं, ऑक्टोबरात,
बोटीवर जायच्या आदल्या दिवशी.
तीनदा धुतलं तरी वास गेला नाही.
फ्रीजच्या शेजारच्या भिंतीवर ठोकलं
आणि पोरांना म्हणाला,
मी येईपर्यंत भरा.

नियम सोपा :
पुस्तक वाचून संपलं, की एक कागदी मासा.
पातळ असेल तर हेरिंग, जाडजूड असेल तर कॉड,
पोटावर पुस्तकाचं नाव, शेपटीवर तारीख.
नुसत्या चित्रांचं पुस्तक धरायचं की नाही
यावर दोन संध्याकाळी भांडण झालं;
शेवटी धरायचं ठरलं,
पण मासा बोटाएवढाच.

ओड्नी नऊ वर्षांची. तिचे त्रेचाळीस.
नोव्हेंबरअखेर वार्दोवरून सूर्य गेला
तशी ती दिव्याखाली जी बसली, ती उठेचना.
जेवताना एक डोळा ताटात, एक पानात.
तिच्या माशांना खवले आहेत, कल्ले आहेत,
एकाला तर चष्मासुद्धा.

आस्लाकचा एकच.
घडी चुकली, म्हणून तो बुटासारखा दिसतो.

मी मासळीच्या कारखान्यात वजनकाट्यावर असते.
दिवसभर आकडे बघून डोळ्यांना खोड लागली :
घरी आल्यावर कोट काढायच्या आधी
मी भिंतीचं वजन करायचे.
मनातल्या मनातच. पण मुलांना कळतं
आईची नजर कुठे थांबली
आणि कुठून पुढे गेली.

शेजारची बोर्गहिल्ड वॅफल घेऊन आली,
जाळ्याकडे बघून म्हणाली, वा!
आणि धाकटा? धाकटा वाचत नाही वाटतं?
आस्लाक टेबलाखाली होता.
मी म्हटलं, कॉफी गार होतेय.
याहून बरं काही
सुचायला हवं होतं मला.

फरशी पुसताना सापडल्या, जानेवारीत,
हीटरच्या मागे, जाळ्याच्या अगदी खालच्या दोरीला
गाठी.
नारिंगी सुतळीच्या, एकीला खेटून एक,
उभ्या माणसाला दिसणार नाहीत अशा.

हे काय रे?
तो बराच वेळ मोज्याशी खेळत राहिला.
मग म्हणाला, ते निसटलेले.
कोण निसटलेले?
शब्द. वाचायला गेलो की निसटतात.
मी परत जातो. परत निसटतात.
ज्या दिवशी धरला, त्या दिवशी गाठ.

आणि बोट ठेवून ठेवून दाखवू लागला :
हा 'गडगडाट'.
हा 'मध्यरात्र', याला चार दिवस लागले.
हा 'कारण'. सोपा वाटतो, पण नाहीये.
आणि हा दुहेरी गाठीचा, 'दीपस्तंभ'.
आधी नुसता दीप आला,
मग स्त आला, टिंब पडलेलंच,
भ तर रविवारी आला.

ओड्नी मागे येऊन उभी होती.
म्हणाली, हे नियमात नाही.
मग हातातली कात्री ठेवून खाली बसली,
मोजायला लागली. एकशे सोळा.
थांब, म्हणाली. पुन्हा मोजल्या.
एकशे सतरा.

दुसऱ्या दिवशी काट्यावर
माझा आकडा दोनदा चुकला.

रात्री फोन आला बोटीवरून,
आवाज येतो-जातो, मधूनच वारा.
किती भरलं जाळं? योस्टाइननं विचारलं.
मी काही न बोलता फोन आस्लाकच्या कानाला लावला.
त्यानं श्वास घेतला. आधी ओठांनी जुळवून पाहिला,
मग एका दमात, न अडखळता :
बाबा, दीपस्तंभ!

पलीकडे खरखर.
मग, बऱ्याच वेळानं :
अजून दिसत नाही रे.
उद्या रात्री दिसेल.